हौदा आखूड की लांब?
शेतमालासाठी पिकअप गाडी निवडताना

टोमॅटोच्या हंगामात पिंपळगाव बसवंतच्या बाजार आवारात दुपार कलली की मालाच्या गाड्यांची रीघ लागते. एके काळी अशा आवाराबाहेर बैलगाड्या सोडलेल्या असत. पुढे ट्रॅक्टरची ट्रॉली आली, आणि २००५ साली टाटा एस ही लहान मालगाडी निघाल्यावर चारचाकी वाहन घरचे असावे, ही इच्छा मध्यम शेतकऱ्याच्याही आवाक्यात आली. खेड्यापाड्यांनी त्या गाडीस ‘छोटा हत्ती’ असे नाव दिले, आणि तेच रूढ झाले. आज दीड टनाच्या आतबाहेर माल वाहणाऱ्या पिकअप गाड्या बागायती गावांच्या जवळजवळ प्रत्येक वस्तीवर दिसतात. गाडी घ्यावी की न घ्यावी, हा प्रश्न पुष्कळांनी सोडविलेला आहे. कोणती घ्यावी, हा प्रश्न मात्र बहुधा शेजाऱ्याच्या गाडीकडे पाहून सोडविला जातो.

त्यातही जो भाग सर्वांत कमी विचाराने ठरतो, तो म्हणजे हौद्याची लांबी. एकाच जातीच्या गाडीचे आखूड हौद्याचे आणि लांब हौद्याचे असे दोन प्रकार विक्रेत्याच्या आवारात शेजारी शेजारी उभे असतात. किमतीतील फरक एकूण रकमेच्या मानाने लहान वाटतो, आणि ‘थोडे अधिक पैसे घालून मोठीच घ्यावी’ असा सल्ला देणारे चार जण सोबत आलेले असतात. हा सल्ला काही वेळा बरोबर असतो. तथापि तो कोणासाठी बरोबर आणि कोणासाठी चुकीचा, हे मालावरून ठरते. सल्ला देणाऱ्याच्या उत्साहावरून ते ठरत नाही.

गाडी बहुधा कर्जाने घेतली जाते, आणि हप्ता बाजारभाव पाहून येत नाही. २०२३ सालच्या जुलै-ऑगस्टमध्ये किरकोळ बाजारात टोमॅटो किलोस शंभर रुपयांच्या वर गेला होता. सप्टेंबरात तोच भाव कोसळला आणि पिकविणाऱ्यांस तोडणीचा खर्चही निघेना. तेजीच्या महिन्यात घेतलेल्या निर्णयाचा भार मंदीच्या वर्षांनी वाहावा लागतो. यास्तव गाडीचा विचार भावाच्या भरात न करता शांतपणे, कागद-पेन्सिल घेऊन करणे इष्ट होय.

आखूड कशास म्हणावे, लांब कशास

पिकअप हे वाहन मूळचे अमेरिकेतील शेतकऱ्यांच्या सरावाचे. तेथे साडेपाच ते साडेसहा फुटांचा हौदा आखूड मानतात आणि आठ फुटांचा लांब. या आठ फुटांस कारण आहे. चार फूट रुंद व आठ फूट लांब असा प्लायवूडचा अखंड तक्ता फाळका लावून आत निजावा, हे तेथील माप. कुटुंबासाठी मागे बाक असलेली मोठी केबिन हवी असेल, तर हौद्याची लांबी सोडावी लागते. म्हणून तेथील वाद बहुतांशी माणसे बसवावीत की माल भरावा, असा असतो.

आपल्याकडील मालवाहू पिकअपमध्ये केबिन बहुधा एकाच बाकाची असते आणि मागचा सारा भाग हौद्यास मिळतो. हौद्याचा तळही चाकांच्या वर सपाट असतो. त्यामुळे येथे आखूड म्हटला जाणारा हौदाही अमेरिकेतील लांब हौद्याएवढा भरतो. या लेखापुरते आखूड हौद्याचे आतील माप २ मीटर ५० सें.मी. लांब, म्हणजे सुमारे सव्वाआठ फूट, आणि लांब हौद्याचे ३ मीटर ५ सें.मी., म्हणजे दहा फूट, असे धरू. रुंदी दोहोंची १ मीटर ७० सें.मी. धरू. प्रत्यक्ष गाड्यांची मापे थोडी पुढेमागे असतात, म्हणून हिशेबाची रीत लक्षात ठेवावी आणि आकडे आपल्या गाडीचे घालावेत.

खळ्यातील आखणी

निफाड तालुक्यातील दोन भावांचे उदाहरण घेऊ. नावे सांगण्याचे कारण नाही. अशी घरे गावोगाव आहेत. घरी टोमॅटो, उन्हाळी कांदा आणि थोडी ढोबळी मिरची. दोन गाई दावणीला. इतकी वर्षे माल भाड्याच्या गाडीने गेला. भाडेकरी गाडीवाला ऐन हंगामात मिळेनासा झाला, दोनदा माल रात्रभर बांधावर राहिला, तेव्हा घरची गाडी घेण्याचे ठरले. थोरल्याचे मन लांब हौद्यावर बसले होते. धाकटा गप्प होता. गावातील ग्रामकार्यकर्ता त्यांच्या घरी गेला, तो हा वाद अर्ध्यावर आलेला असताना.

“लांब घेतली तर दर खेपेला दहा-पंधरा कॅरेट जास्त बसतील, भाऊसाहेब,” थोरला म्हणाला. “वर्षाचा हिशेब करा की.”

“बसतील, दादा,” धाकटा पहिल्यांदाच बोलला, “पण गाडी ती उचलील का?”

ग्रामकार्यकर्त्याने मत दिले नाही. त्याने घरातून फक्की मागविली, आणि फीत धरून खळ्यात दोन चौकोन आखले. एक अडीच मीटर लांब, दुसरा तीन मीटर पाच सेंटिमीटर लांब. रिकामी क्रेटे वळचणीला होतीच. टोमॅटोचे हे प्लास्टिकचे क्रेट, ज्यास शेतकरी ‘कॅरेट’ म्हणतात, ते बाहेरून साधारणपणे ५४ सें.मी. लांब, ३६ सें.मी. रुंद आणि ३० सें.मी. उंच असते. ती चौकोनांत मांडून पाहिली.

आखूड चौकोनात रुंदीला तीन क्रेटे बसली आणि अशा सहा ओळी झाल्या. सातवी ओळ केवळ दोन सेंटिमीटरसाठी राहिली. मग धाकट्याने एक ओळ फिरवून रुंदीला चार क्रेटे लावली, पुढे तीन-तीनच्या पाच ओळी घातल्या, आणि एकोणीस क्रेटे बसविली. लांब चौकोनात तीन-तीनच्या आठ ओळी, म्हणजे चोवीस क्रेटे सरळ बसली. थोरल्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. एका थरात पाच क्रेटांचा फरक, म्हणजे तीन थरांत पंधरा.

येथपर्यंत हिशेब लांबीचा झाला. आता वजनाचा. भरलेल्या क्रेटात २० किलो टोमॅटो, आणि क्रेटाचे स्वतःचे वजन धरून ते सुमारे २२ किलो होते. दोन्ही गाड्यांची भारक्षमता १३०० किलो धरली, तर १३०० भागिले २२, म्हणजे ५९ क्रेटे. आखूड हौद्यात एकोणीस-एकोणीसचे तीन थर होऊन वर दोन क्रेटे राहतात. लांब हौद्यात चोवीस-चोवीसचे दोन थर होऊन तिसऱ्यात अकरा. बेरीज दोहींकडे ५९. खळ्यात चौकोन दोन होते, पण गाडी उचलणार होती तितकीच क्रेटे.

लांब हौद्यात तिसरा थर पुरा केला, तर ७२ क्रेटे होतात आणि वजन १५८४ किलो भरते. म्हणजे क्षमतेहून २८४ किलो अधिक. लांब हौद्याचा खरा धोका येथे आहे. जागा रिकामी दिसली की हात थांबत नाही. तोडणीवाले क्रेटे आणून देत असतात, अंधार पडत असतो, आणि ‘एवढी तेरा क्रेटे कोठे ठेवावीत’ असा प्रश्न निघतो. आखूड हौदा अशा वेळी आपण होऊन ‘पुरे’ म्हणतो; लांब हौद्यात ते माणसाला म्हणावे लागते.

आणखी एक हिशेब त्याच खळ्यात झाला. या भावांच्या मळ्यात भर हंगामात एका तोड्यास शंभराच्या आसपास क्रेटे निघतात. ५९ च्या हिशेबाने आखूड गाडीस दोन खेपा, आणि लांब गाडीसही दोन खेपाच. वाचणारी खेप कागदावर कोठेच सापडेना.

येथे एक बारकावा सांगितला पाहिजे. वरील हिशेबात दोन्ही गाड्यांची भारक्षमता सारखी धरली आहे. वस्तुतः सांगाडा, यंत्र व पाटे तेच ठेवून केवळ हौदा वाढविला असेल, तर वाढलेल्या लोखंडाचे वजन भारक्षमतेतूनच वजा होते. कारण भरल्या गाडीचे एकूण वजन नोंदणीत ठरलेले असते, आणि त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा जाता उरेल तेवढाच माल. उलट काही लांब गाड्या मुळातच अधिक वजनासाठी बनविलेल्या असतात. म्हणून विक्रेत्यास लांबीच्या आधी हे दोन आकडे विचारावेत. ते सांगण्यास जो टाळाटाळ करील, त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही फार विसंबू नये.

कांदा आणि दुधाचे कॅन

टोमॅटोस जे लागू, ते जड मालास बहुतेक सगळीकडे लागू आहे. पन्नास किलोच्या गोणीत भरलेला कांदा घेतला, तर १३०० किलोंत २६ गोण्या. त्या दोन्ही हौद्यांत सुखाने मावतात. दुधाचा ४० लिटरचा भरलेला कॅन सुमारे ५० किलो भरतो आणि ३६ सें.मी. जागा घेतो. आखूड हौद्यात एका थरात असे २४ कॅन उभे राहतात आणि वजन १२०० किलो होते. लांब हौद्यात ३२ राहतात, पण ते १६०० किलो होतात, म्हणजे सहा कॅन उतरविणे आले.

सुट्या कांद्याची गोष्ट अधिक फसवी आहे. लासलगावसारख्या बाजारात कांद्याचा लिलाव वाहनातील सुट्या मालाचाच होतो. तेव्हा शेतकरी फाळक्याच्या काठापर्यंत कांदा ओततो आणि वर शीग लावतो. लांब हौद्यात काठापर्यंतच सुमारे एक-पंचमांश माल अधिक मावतो. डोळ्यांस दोन्ही गाड्या सारख्याच ‘भरलेल्या’ दिसतात. क्रेटे मोजता येतात, शीग मोजता येत नाही. म्हणून सुटा कांदा नेणाऱ्याने हंगामाच्या आरंभी एकदा भुईकाट्यावर गाडी नेऊन १३०० किलोस कांदा हौद्यात कोठवर येतो, तेथे आतून रंगाची रेघ ओढून ठेवावी. चाळीत साठवून वाळलेला कांदा आणि नुकता काढलेला ओला कांदा यांचे वजन सारखे नसते, हेही ध्यानी ठेवावे.

उलाळ गाडी

बैलगाडी हाकलेल्या माणसास पुढील गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. ओझे मागे गेले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांचे पाय जमिनीत रुतत नाहीत. ओझे फार पुढे आले की जुवाचा भार बैलांच्या मानेवर येतो. जाणता गाडीवान म्हणून ओझ्याचा मध्य आसाच्या किंचित पुढे ठेवतो.

पिकअपचेही तेच आहे. फक्त बैलांच्या जागी पुढची चाके असतात आणि सुकाणू त्यांच्याकडे असते. समजा, पुढच्या व मागच्या आसांत तीन मीटर अंतर आहे आणि १३०० किलो मालाचा मध्य मागच्या आसाच्या २० सें.मी. पुढे आहे. मग त्यातील सुमारे ८७ किलो भार पुढच्या चाकांवर जातो. तोच मध्य आसाच्या २० सें.मी. मागे सरकला, तर पुढच्या चाकांवरील ८७ किलो भार उचलला जातो. दोन्ही स्थितींत १७० किलोंहून अधिक फरक पडतो, आणि मालाचे वजन मात्र तेच असते. पुढची चाके हलकी झाली की सुकाणू हाताला मऊ लागते. नवख्या चालकास ते सुखाचेही वाटते. ओल्या रस्त्यावर वळण घेताना मात्र गाडी सांगितल्याप्रमाणे वळत नाही, आणि चढावर तर पुढचा भार आणखी घटतो. नाशिकहून मुंबईकडे भाजी घेऊन जाणारी गाडी कसारा घाटातून रात्री उतरते, नारायणगाव-ओतूरकडील गाडी माळशेज घाटातून कल्याणकडे जाते. पावसाळी धुक्यात या वाटांवर सुकाणूने हुकूम मोडणे म्हणजे काय, हे तेथून जाणाऱ्यांस ठाऊक आहे.

लांब हौदा दोन रीतींनी बनतो. एकात आसांमधील अंतरही त्या प्रमाणात वाढविलेले असते. तेथे भाराचा तोल राखलेला असतो, पण वळणास जागा अधिक लागते. दुसऱ्यात अंतर तेवढेच ठेवून हौदा मागच्या चाकांच्या मागे वाढविलेला असतो. तेथे वळणास फारसा फरक पडत नाही, पण गाडी उलाळ होण्याची प्रवृत्ती वाढते आणि वळताना शेपटी बाहेर फेकली जाते. कुंपणाचे खांब आणि बाजारातील दुसऱ्याचे दिवे बहुधा या शेपटीनेच मोडतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मागील भाग आसांमधील अंतराच्या ६० टक्क्यांहून अधिक बाहेर असता कामा नये. तीन मीटर अंतर असलेल्या गाडीस ही मर्यादा १ मीटर ८० सें.मी. होते. गाडी पाहताना हे फितीने मोजून पाहावे. दोन मिनिटांचे काम आहे.

लांब हौदा घेतलाच, आणि माल अर्धाच असला, तर तो केबिनला टेकवून भरावा. उतरविण्यास सोपे म्हणून जड माल फाळक्याजवळ ठेवण्याची सवय वाईट आहे.

पाणंद आणि वळण

गाडीचे आयुष्य डांबरी रस्त्यावर जात असले, तरी तिची परीक्षा शेवटच्या अर्ध्या मैलात, पाणंदीत होते. आसांमधील अंतर २ मीटर ६० सें.मी. असलेली गाडी समजा साडेपाच मीटर त्रिज्येत वळते. चाके तेवढीच वळत असतील आणि अंतर तीन मीटर केले, तर त्रिज्या सुमारे ६ मीटर ३५ सें.मी. होते. एका दमात पूर्ण फिरण्यास पहिलीस ११ मीटर आणि दुसरीस पावणेतेरा मीटर जागा हवी. बागायती गावांत विहीर, शेततळे आणि द्राक्षाच्या बागेची कड यांमध्ये एवढी मोकळी जागा प्रत्येकाकडे नसते. जेथे गाडी फिरत नाही, तेथे ती रस्त्यावर उभी राहते आणि क्रेटे डोक्यावरून वाहावी लागतात. ती मजुरी गाडीच्या किमतीत कोणी धरीत नाही.

म्हणून मळ्यातील फिरण्याची जागा, वाटेतील सर्वांत अरुंद मोरी आणि सर्वांत आवळ वळण ही तीन मापे घरून घेऊन निघावे.

लांब हौदा कोणासाठी

इतके वाचून लांब हौदा म्हणजे केवळ मोह, असे कोणी समजू नये. माल हलका आणि फुगीर असेल, तर लांब हौद्यासारखे सोयीचे दुसरे काही नाही. ढोबळी मिरची त्याच क्रेटात जेमतेम दहा-अकरा किलो बसते. क्रेटासह १३ किलो धरले, तर १३०० किलोंत शंभर क्रेटे चालतात. आखूड हौद्यात त्यांस पाच थर लावूनही पाच क्रेटे उरतात आणि दीड मीटर उंच मनोरा होतो. लांब हौद्यात चार थरांत शहाण्णव क्रेटे बसतात. येथे लांबीने माल फारसा वाढला नाही, पण उंची ३० सें.मी. उतरली, आणि घाटाच्या वळणावर त्या तीस सेंटिमीटरची किंमत मोठी असते.

मेथी, कोथिंबीर, पालक या पालेभाज्या, झेंडू-शेवंतीची फुले, कोंबड्यांचे पिंजरे, कडब्याच्या पेंढ्या, वेचलेला कापूस, या साऱ्यांत वजनाची मर्यादा गाठण्यापूर्वी जागा संपते. पालेभाजीवाल्याने आखूड गाडी घेतली, तर तो माल दाबून भरील, आणि दाबलेली मेथी पहाटे वाशीच्या बाजारात पोहोचेपर्यंत आत तापून पिवळी पडेल. द्राक्षाच्या पुठ्ठ्याच्या पेट्यांचेही तसेच. खालच्या पेटीवर जितके थर कमी, तितके मणी शाबूत. टोमॅटोच्या क्रेटास ही अडचण सहसा नसते, कारण वरच्या क्रेटाचा भार खालच्या क्रेटाच्या काठावर बसतो, फळावर नाही. अर्थात क्रेट काठाच्या वर शिगोशीग भरले नसेल तरच.

भाड्याचा धंदाही करावयाचा असेल, तर लांब हौद्यास गिऱ्हाईक अधिक मिळते. मांडवाचे सामान, घरसामान, बियाण्याच्या हलक्या पेट्या अशा कामांस लांबी लागते. मात्र ‘भाडेही मिळेल’ आणि ‘भाडे मिळते’ या दोहोंत अंतर आहे. हंगामात आपला माल पडून असताना दुसऱ्याचे भाडे करता येत नाही, आणि हंगाम सरला की गावातील साऱ्याच गाड्या भाडे शोधीत असतात.

दोन कामांविषयी गैरसमज आहे, तो येथेच दूर करावा. पहिले काम नळ वाहण्याचे. तुषार संचाचे व पी.व्ही.सी.चे नळ सहसा सहा मीटर, म्हणजे जवळजवळ वीस फूट लांब येतात. ते आखूड हौद्यात मावत नाहीत आणि लांब हौद्यातही मावत नाहीत. दुसरे काम जनावरे नेण्याचे. केंद्रीय नियमांत गाय अथवा म्हैस यांस प्रत्येकी दोन चौरस मीटर आणि शेळी-मेंढीस ०.३ चौरस मीटर जागा सांगितली आहे. आखूड हौद्याचे क्षेत्र सव्वाचार चौरस मीटर, म्हणजे दोन गाई. लांब हौद्याचे पाच चौरस मीटरहून थोडे अधिक, म्हणजे गाई दोनच. तिसरीस सहा चौरस मीटर हवे. शेळ्या मात्र चौदाऐवजी सतरा नेता येतील. शिवाय जनावरांच्या वाहतुकीस वाहनात कायमचे आडोसे लागतात; भाजीची गाडी सोयीप्रमाणे जनावरांची गाडी होत नाही.

कायद्याच्या चार गोष्टी

२०१९ च्या दुरुस्तीनंतर, त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून, मर्यादेहून अधिक वजन नेल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ अन्वये वीस हजार रुपये आणि जादा प्रत्येक टनास दोन हजार रुपये असा दंड आहे. अधिकचा माल उतरवून ठेवावा लागतो, तो निराळा. माल बाजूंनी, पुढे-मागे किंवा उंचीने मर्यादेबाहेर काढल्यासही वीस हजारांचाच दंड आहे. वर सांगितलेले सहा मीटरचे नळ येथे आठवावेत. तेरा क्रेटे टोमॅटो म्हणजे २६० किलो. तो साऱ्या हंगामात दर खेपेला चोरून नेला आणि एकदाच पकडला गेला, तरी मंदीच्या वर्षी हिशेब उलटा बसतो.

पुष्कळजण आखूड गाडी घेऊन गॅरेजात हौदा वाढवून घेतात, किंवा पाटे वाढवून घेतात. उत्पादकाने नमूद केलेल्या मूळ तपशिलाहून निराळा ठरेल असा बदल कलम ५२ प्रमाणे करता येत नाही. आणि पाटा वाढविल्याने नोंदणी पुस्तकातील वजन वाढत नाही. तिचे ब्रेकही तेच राहतात.

परवान्याचाही फरक पडू शकतो. भरल्या गाडीचे एकूण वजन ३००० किलोंच्या आत असेल, तर मालवाहतुकीच्या परवान्याची गरज नाही. आखूड गाड्या पुष्कळदा या रेषेच्या आत राहतात. अधिक क्षमतेच्या लांब गाड्या तिच्या पलीकडे जातात. चालकाच्या लायसनची चिंता मात्र दोहींस सारखीच कमी. एकूण वजन ७५०० किलोंपर्यंत असलेले मालवाहू वाहन हलक्या मोटार वाहनाच्या लायसनवर चालविता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

वर्षाचा कागद

त्या दोघां भावांस ग्रामकार्यकर्त्याने एक काम सांगितले होते. गेल्या वर्षी घरातून किती खेपा गेल्या, कोणत्या मालाच्या, किती वजनाच्या आणि कोठे, हे आठवून लिहावयाचे. आडत्यांच्या पट्ट्या खुंटीला अडकविलेल्या होत्या, त्यामुळे आठवणीवर फार भार पडला नाही. दोन रात्री बसून धाकट्याने कागद तयार केला. टोमॅटोच्या खेपा सर्वांत अधिक, त्यानंतर कांद्याच्या. दोन्ही जड. मिरचीच्या खेपा बोटांवर मोजण्याजोग्या, आणि त्यांतील एकाही खेपेत साठ क्रेटांहून अधिक माल नव्हता. चारा दोनदा आणला, तो ट्रॉलीतून.

थोरल्याने कागद पाहिला. मग तो एकटाच मळ्याच्या वाटेने विहिरीपर्यंत जाऊन आला. तेथे गाडी फिरविण्यास जागा होती ती बारा मीटर.

हा कागद प्रत्येकाचा निराळा निघेल. त्याच गावात पालेभाजी करणाऱ्या घराने तो लिहिला, तर लांब हौदाच योग्य ठरेल, आणि तसे सांगण्यास ग्रामकार्यकर्त्याने कचरू नये. कार्यकर्त्यांनी गाडीचे नाव सुचवू नये; फक्की, फीत आणि क्रेटे पुरवावीत. ज्या गावात तीन-चार घरे एकाच हंगामात गाडी घेणार असतील, तेथे सर्वांची आखणी एकाच खळ्यात केल्यास अधिक बरे. एकाने आखूड आणि एकाने लांब घेऊन मालाप्रमाणे अदलाबदल करण्याची वाट अशा वेळी आपोआप सुचते.

गाडी ठरविण्यास दोघे भाऊ निघाले, तेव्हा धाकट्याने एक रिकामे क्रेट सोबत घेतले. विक्रेत्याच्या आवारातील माणसे हसली. त्याने आखूड हौद्यात चढून क्रेट एका कडेला आडवे ठेवले, खडूने खूण केली, पुढे सरकविले, पुन्हा खूण केली. तीन बरोबर बसत होती. कागदोपत्री लिहिलेली रुंदी बाहेरची की आतली, हे असे केल्यावाचून कळत नाही. बिजागरी आणि कड्याही दोन-तीन सेंटिमीटर जागा घेतात. मग त्याने लांबी मोजली, फाळका लावला, काढला आणि पुन्हा लावला.

“बसतात, दादा,” तो खाली उतरून म्हणाला. थोरल्याने चष्मा लावला आणि कागदांवर सही केली.